वर्ष उलटलं तरी बाळाच्या डोक्यावरची खपली जात नसेल तर

तुम्ही लिहिलंय की मुलगी १४ महिन्यांची झाली, डोक्यावर पिवळट खपल्या तिसऱ्या महिन्यापासून आहेत, रोज खोबरेल जिरवूनही जात नाहीत, आणि घरचे म्हणतात तेल कमी पडतंय. माझ्या मुलाचं अगदी असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही, गोव्यात डिचोलीला राहणारी एक आई आहे. पण या एका गोष्टीपायी वर्षभर जीव टांगणीला लागला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

तेल कमी पडत नसणार. लावलेलं तेल डोक्यावरून निघत नाहीये, असं मला वाटतं.

आमच्याकडे मालिश करायला येणारी मावशी न्हाणीत पाय पसरून बसायची, बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालायची आणि अंग पुसून झालं की तळहाताच्या खळग्यात घाण्यावरचं खोबरेल घेऊन टाळू भरायची. बोटांनी थोपटत थोपटत जिरवायची आणि वरून टोपडं बांधायची. ते तेल दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीपर्यंत तसंच. दिवस ऐन पावसाळ्याचे. तीन-तीन दिवस लंगोट वाळत नव्हते अशी हवा, आणि टोपड्याखाली सदा घामेजलेलं डोकं. दीड महिन्याचा असताना टाळूवर मेणाचा हात फिरवल्यासारखा थर दिसायला लागला. सासूबाई काळजीने म्हणाल्या, टाळू कोरडी पडतेय, तेल वाढवूया. आम्ही वाढवलं.

पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी जे समजावलं ते असं. याला सेबोरिक डर्माटायटिस म्हणतात. पोटात असताना आईकडून मिळालेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या तैलग्रंथी सुरुवातीचे काही महिने जोरात काम करतात. त्या तेलात सुटलेली त्वचा चिकटून बसते. शिवाय मॅलॅसेझिया नावाचं एक यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर असतं, ते तिथे फोफावतं. त्याला स्वतःसाठी चरबी बनवता येत नाही, त्वचेवरच्या तेलावरच ते जगतं, आणि आपण वरून लावलेल्या वनस्पती तेलांतली बरीचशी मेदाम्लंही त्याला चालतात. हे ऐकल्यावर मला आमचं ते रात्रंदिवस तेलात बुडालेलं टोपडं आठवलं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि तुम्ही बाळाला नीट न्हाऊ घातलं नाहीत म्हणूनही होत नाही. हे घरात कुणी सुनावत असेल तर त्यांना माझं उत्तर वाचायला द्या.

आता करायचं काय. तेल सोडू नका, त्याची वेळ बदला. अंघोळीच्या अर्धा तास आधी खपल्यांपुरतंच लावा. आम्ही खोबरेलाऐवजी खनिज तेलाचं साधं बेबी ऑइल वापरलं, कारण खनिज तेलावर हे यीस्ट पोसत नाही. खपली मऊ झाली की लहान मुलांच्या एकदम मऊ ब्रशने हलक्या हाताने गोल गोल फिरवायचं. टाळूचं हाड अजून जुळलं नसेल तरी तिथे चालतं, फक्त दाब द्यायचा नाही. मग बेबी शाम्पूने धुवायचं, आणि तेलकटपणा राहिला तर दुसऱ्यांदा धुवायचं. बोट फिरवून पाहा, केस बोटाला चिकटले नाहीत तर काम झालं. अंघोळीनंतर तेल नाही आणि घरात टोपडंही नाही. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. पण टाळू भरायचीच नाही असं मी म्हटलं नाही, अंघोळीआधी तुम्हीच भरा म्हटलं, तेव्हा त्या राजी झाल्या.

एक चूक माझ्या हातून झाली ती तुम्ही करू नका. एका दुपारी तो झोपलेला असताना मी फणीने एक मोठी खपली उचलली. ती नखाएवढी, कडेला वर आलेली, सहज निघेल अशी दिसत होती. निघाली ती केसांच्या झुबक्यासकट, आणि खाली गुलाबी, ओलसर कातडी. रक्ताचा बारीक थेंब आला. केस परत आले, पण ती जागा आठवडाभर चिघळली. सुकी खपली कधीच ओढायची नाही. लिंबू चोळणं, डाळीच्या पिठाने घासणं, मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू, हेही नको. त्यांतल्या काही शाम्पूंत सॅलिसिलिक ॲसिड असतं, आणि लहान मुलांच्या त्वचेतून ते अंगात शोषलं जातं.

पण तुमची मुलगी १४ महिन्यांची आहे, आणि माझ्या मते इथेच खरा मुद्दा आहे. बहुतेक बाळांची खपली वर्षाच्या आत आपोआप जाते. त्यानंतरही राहिली तर ती तीच खपली आहे का, हे एकदा जाणकाराने पाहायला हवं. मूल सारखं खाजवत असेल, रात्री त्यामुळे उठत असेल, कोपराच्या-गुडघ्याच्या खोबणीत त्वचा खरखरीत असेल तर एक्झिमा असू शकतो. एका जागचे केस गेले असतील, तुटके खुंट किंवा काळे ठिपके दिसत असतील, मानेमागे गाठ लागत असेल तर डोक्यातला नायटा असू शकतो. त्यावर नुसतं वरून लावून भागत नाही, काही आठवडे तोंडाने औषध द्यावं लागतं. जाड, चंदेरी, कडा ठळक असलेले चट्टे सोरायसिसचेही असतात. डॉक्टर खपली थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यात बुरशी असेल तर कळते.

आम्ही हे पाहून घ्यायच्या आधी एका फार्मसीतून ट्यूब आणली होती. चार दिवसांत डोकं एकदम स्वच्छ. आठव्या दिवशी पहिल्यापेक्षा लाल. त्या ट्यूबमध्ये जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र होतं. अशी मिश्रणं मुलांच्या डोक्याला विचारल्याशिवाय लावू नका. नायटा असेल तर स्टिरॉइडने तो दबल्यासारखा दिसतो आणि आत पसरतो.

माझ्या मुलाला शेवटी डॉक्टरांनी २ टक्के किटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा, शाम्पू दिला. आठवड्यातून दोनदा लावायचा, काही मिनिटं ठेवायचा, डोळ्यांत जाऊ न देता धुवायचा. कानामागे लाल झालं होतं तिथे हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड मोजून पाच दिवस. महिन्याभरात डोकं साफ झालं. पुढच्या जूनमध्ये पाऊस लागल्यावर थोडं परत आलं, तेव्हा नुसत्या तेल-ब्रश-शाम्पूने आवरलं. तुमच्या मुलीला हेच औषध लागू पडेल असं नाही, म्हणून मापं माझी घेऊ नका.

खपलीतून पाणी किंवा पू येत असेल, वास येत असेल, ताप असेल, पुरळ चेहऱ्यावर, काखेत, जांघेत पसरत असेल तर थांबू नका. सोबत जुलाब असतील किंवा वजन वाढत नसेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. एरवी जवळच्या आरोग्य केंद्रातून सुरुवात करा. गोव्यात असाल तर बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, त्वचारोग विभाग आहे. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही चौकशी करता येईल.

दाखवायला नेण्याआधी दोन दिवस तेल लावू नका आणि काही खरवडू नका, डोकं जसं आहे तसं त्यांना दिसू दे. आजवर जे जे लावलंत ते सगळं बरोबर न्या, एखादी ट्यूब संपली असेल तर तीही.