लोणारला उल्का पडली नाही

विचारलंय : “लोणारला ‘उल्का पडली’ लिहावं की ‘उल्कापात झाला’?”

दोन्ही नको! उल्का दिसते, पडत नाही. वातावरणात शिरलेला दगड तापून पेटतो, तेव्हा उमटणारी उजेडाची रेघ म्हणजे उल्का. मूळ अर्थच पेटतं कोलीत. जमिनीवर येऊन पडतो तो अशनी. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला पडले ते अशनी. असा दगड हातात घेतला की बाहेरून करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी काळी, पातळ साल आणि फुटलेल्या जागी आतला करडा रंग दिसतो. पण आपल्याकडे वरून येईल ते सगळं उल्का! 2022च्या पाडव्याला संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं, रॉकेटचं. त्या रात्रीही तोंडोतोंडी उल्काच. ‘2024 वायआर4’ हा चक्क लघुग्रह, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा खडक. 2032मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी 2025मध्ये 3 टक्क्यांवर गेली आणि लगेच उतरली, तेव्हाही मी ‘उल्का धडकणार’ हेच ऐकत होतो.

‘अशनी’ परिभाषावाल्यांनी उकरून काढला, अशी तक्रार असते. चूक. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, तो वज्राच्या नावांत आहे. ‘अश्’ म्हणजे व्यापणे, त्यावरून अशनी, ही जुनी व्युत्पत्ती मला मुळीच पटत नाही. मी त्याला ‘अश्मन्’च्या, म्हणजे दगडाच्या, घरातला मानतो.

आणि हे घर फार मोठं आहे. ग्रीकमध्ये ‘अक्मोन’ म्हणजे ऐरण. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, ‘अस्मन्’ म्हणजे दगड, आणि आकाशसुद्धा! त्याचंच फारसीत ‘आस्मान’ झालं आणि आपल्याकडे आलं ते ‘अस्मान’. म्हणजे जीवाश्मातला अश्म आणि अस्मानी-सुलतानीतलं अस्मान सख्खे भाऊ. पैलवान चितपट होतो, पाठ मातीला लागते आणि डोळ्यांसमोर येतं ते अस्मान. त्या शब्दाच्या पोटात दगड आहे.

दगडाचं आकाश कसं झालं? प्राचीनांना आकाश दगडी घुमट वाटे, असं पंडित सांगतात. मला ते पुस्तकी वाटतं. घुमटाला हात कुणी लावला होता? वरून पडलेले दगड मात्र माणसांनी पाहिले होते, उचलले होते. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात इंद्राला विनवलंय की द्युलोकातला अश्म वरून खाली फेक. यात घुमट कुठाय? दगड पडतोय. ज्या जागेतून दगड येतो, त्या जागेला दगडाचंच नाव पडलं, असं माझं ठाम मत आहे.

लोणारचं राहिलंच. तिथल्या बेसाल्टमधल्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकातल्या, खनिजाची प्रचंड आघाताने काच झालेली सापडली, म्हणून ते विवर ज्वालामुखीचं नाही हे पक्कं झालं. वय 52 हजार वर्षं की 5 लाख 70 हजार, ते भूवैज्ञानिक बघतील. तुम्ही ‘अशनिपात’ लिहा. सुटा शब्द ‘अशनी’, समासात मात्र ‘नि’ ऱ्हस्व.