गाठ काढल्यावर टाक्यांवर रोज जंतुनाशक लावून ड्रेसिंग करावं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या पाठीवरची चरबीची गाठ काल काढली. डॉक्टरांनी फक्त 'कोरडं ठेवा, दोन दिवसांनी दाखवा' एवढंच सांगितलं आणि घरातल्या सगळ्यांचं म्हणणं पडलं की रोज पट्टी काढून बीटाडीन लावलं नाही तर जखम पिकेल. मी मायनर ओटीत (छोट्या शस्त्रक्रियांच्या खोलीत) सिस्टर आहे, टाक्यांची ड्रेसिंग हेच माझं रोजचं काम. तुम्हाला कळकळीने सांगते, त्या पट्टीला हात लावू नका.

जंतुनाशकाचं खरं काम चिरा देण्याआधी होऊन गेलेलं असतं. तेव्हा क्लोरहेक्सिडीन किंवा पोव्हिडोन आयोडीनने (म्हणजे तुमचं बीटाडीनच) कातडी पुसतात आणि ती पूर्ण वाळू देतात. टाके घालून कडा जुळल्या की दोन्ही बाजूंच्या पेशी सरकत येऊन साधारण ४८ तासांत वरची फट बुजवतात. हे चालू असताना पट्टी उचकटली, चिकटलेलं गॉज ओढलं, की तो कोवळा थर गॉजबरोबर निघून येतो. वर तीव्र जंतुनाशक ओतलं तर ते जंतूंबरोबर या नव्या पेशींनाही मारतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून लोकांना बरं वाटतं, पण तिथेही हेच होतं. टाके घालून बंद केलेल्या जखमेवर संसर्ग टाळण्यासाठी जंतुनाशक किंवा अँटिबायोटिक मलम लावू नये, असं उपचारांचे नियम ठरवणारी ब्रिटनची नाइस ही संस्था आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगते.

मलमाबद्दलही विचारलंत. अमेरिकेत १९९६ साली त्वचेच्या शस्त्रक्रिया झालेल्या ९०० हून अधिक रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींच्या जखमेवर बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक मलम लावलं, काहींच्या जखमेवर साधी पांढरी पेट्रोलियम जेली. संसर्ग बॅसिट्रॅसिनकडे ०.९ टक्के, जेलीकडे २ टक्के, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. ॲलर्जी मात्र बॅसिट्रॅसिनवाल्या चौघांना झाली, जेलीवाल्या एकालाही नाही. निओमायसिन, फ्रामायसेटिन या अँटिबायोटिक मलमांचंही तेच. पेशंट घाबरून येतो, 'सिस्टर, पिकलंय हो!' पट्टी काढली तर जिथवर मलम फासलंय तिथवर लाल चट्टा, बारीक पाण्याचे फोड आणि प्रचंड खाज. टाक्याची रेघ मात्र स्वच्छ. तो संसर्ग नसतो, औषधाची ॲलर्जी असते. आणि घरी काय करतात? आणखी मलम लावतात.

खरा संसर्ग बहुधा चार-पाच दिवसांनंतर डोकं वर काढतो. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढतं, ठणका लागतो, लाली पसरत जाते, जागा गरम लागते, पू किंवा घाण वास येतो, ताप येतो. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टाक्यालगत हलकी लाली आणि थोडी लस येणं चालतं.

गळू फोडून उघडी ठेवलेली जखम, मधुमेहातली पायाची जखम, भाजलेली जागा यांचं गणित वेगळं. तिथे आयोडीनचं किंवा चांदी असलेलं ड्रेसिंग डॉक्टर विचार करून देतात. तेही घरच्या घरी सुरू करायचं नाही. बाबांना शुगर असेल तर ती आटोक्यात ठेवणं कुठल्याही मलमापेक्षा जास्त उपयोगी. हळद तर मुळीच नको. ती निर्जंतुक नसते आणि पिवळेपणात लाली दिसत नाही.

पट्टी घामाने किंवा रक्ताने भिजली, सुटली, तरच बदलायची. हात साबणाने धुवा, गॉज चिकटलं असेल तर सलाइनने भिजवून मऊ होऊ द्या, मग हळूच काढा. डॉक्टरांनी दोन दिवसांनी पाहून हरकत नाही म्हटलं की अंघोळ करता येईल. पाणी वाहू द्यायचं, चोळायचं नाही, नंतर टिपून घ्यायचं. पाठीचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर बाबांना पाण्याच्या बादल्या उचलू देऊ नका, कारण पाठीची कातडी सारखी ताणली जाते आणि टाके तिथेच उसवतात.