न्यायालयाच्या सुरक्षेचं काम हाती घेताना

प्रिय मित्रा,

न्यायालयाच्या सुरक्षेची जबाबदारी तुझ्याकडे आली आहे. पहिल्याच दिवशी कॅमेरे मोजत बसू नकोस. आधी खिडकीवरचे लिपिक, दारातले शिपाई आणि समन्स बजावणारे बेलिफ यांच्याशी बोल. एखाद्या पक्षकाराचं काहीतरी बिनसत चाललंय, हे सर्वांत आधी त्यांना कळतं. तारीख नसताना तो येऊन बसतो, साहेब कुठल्या गाडीने येतात ते विचारतो, ‘आता गमवायला काही उरलं नाही’ म्हणतो. धमकी देणारा प्रत्येक जण हल्ला करत नाही, आणि हल्ला करणारे पुष्कळदा आधी धमकी देतच नाहीत. म्हणून तोंडच्या शब्दांपेक्षा हालचालींकडे जास्त लक्ष दे. मुलांचा ताबा, घटस्फोट, घर रिकामं करण्याचे दावे यांत जीव गुंतलेला असतो. तिथली तपासणी खुनाच्या खटल्यापेक्षा ढिली ठेवू नकोस.

‘रागाने बोलला’ अशी नोंद पुढे कुणाच्याच कामाची नसते. तारीख, वेळ, खटल्याचा क्रमांक, हजर माणसं आणि जसेच्या तसे शब्द त्याच दिवशी लिहून घे. धमकीचं पत्र आलं तर कमीत कमी हात लावून पाकिटासकट कागदी लिफाफ्यात ठेव; प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि पुरावा खराब होतो. ई-मेल मूळ स्वरूपातच जपायला सांग, कारण फॉरवर्ड केलेल्या प्रतीत मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून आणि कधी आला याची तांत्रिक नोंद, राहत नाहीत. मेसेजला उत्तर द्यायचं नाही आणि तो पुसायचाही नाही.

दारावरच्या तपासणीत ओळखीच्या माणसाला सूट मिळते आणि तिथेच घात होतो. २४ सप्टेंबर २०२१ रोजी दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात गोळ्या झाडणारे वकिलांच्या वेशात आत आले होते. काळा कोट म्हणजे ओळखपत्र नव्हे. पक्षकार, कोठडीतले आरोपी आणि न्यायाधीश यांचे रस्ते शक्यतो वेगळे ठेव. दालनातलं धोक्याचं बटण हात फारसा न हलवता दाबता आलं पाहिजे, पण गुडघा लागून वाजता कामा नये. ते दालनात नाही, नियंत्रण कक्षात वाजावं. भोंग्याने समोरचा माणूस आणखी बिथरतो. दर महिन्याला ते दाबून बघ आणि माणूस पोहोचायला किती सेकंद लागतात ते मोज.

न्यायाधीशांचं घर विसरू नकोस. जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत न्यायाधीश एस्तेर सालास यांच्या घरी पार्सलवाल्याच्या वेशात आलेल्या माणसाने त्यांच्या मुलाला गोळी घालून ठार केलं, पतीला गंभीर जखमी केलं. तो वकील होता, त्याचा एक दावा त्यांच्यापुढे होता. न मागवलेल्या पार्सलसाठी दार उघडायचं नाही, हे घरच्यांनाही समजावून सांग. घरचा पत्ता कुठे कुठे सहज सापडतो ते शोध आणि तो काढून टाकण्यासाठी पाठपुरावा कर.

मला सर्वांत जास्त काळजी बेलिफांची वाटते, कारण ते भिंतींबाहेर काम करतात आणि त्यांच्याबरोबर बहुधा कुणी नसतं. घराचा ताबा घ्यायला एकट्याला पाठवू नकोस. निघण्याआधी पत्ता आणि परतीची वेळ कार्यालयात लिहून घे, आणि त्या वेळेनंतर वीस मिनिटांत फोन आला नाही तर कुणी कुणाला कळवायचं, तेही त्याच कागदावर लिही.