रिक्रिएशनल थेरपिस्ट म्हणजे नुसते खेळ खेळवणारा का?

नाही, खेळ हे त्याचं साधन; आजारपणानंतर आवडीच्या गोष्टींतून माणसाला पुन्हा हालतं-बोलतं करणं हे त्याचं काम. तुमच्या वडिलांचा उजवा हात लकव्यानंतर उचलत नाही आणि ते घराबाहेर पडत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. थेरपिस्ट आधी विचारेल, पूर्वी काय आवडायचं? पत्ते असतील तर पत्ते. पानं उभी धरायला खाच पाडलेली लाकडी पट्टी, डाव्या हाताने उतारी, मग हळूहळू उजव्या हाताने पान सरकवायचं. बोटं, लक्ष, बोलणं, सगळ्यांनाच काम मिळतं. त्यानंतर ऊन उतरल्यावर पारावर चार जणांत जाऊन बसणं. माझ्या मते खरी थेरपी तीच. जळगाव-धुळ्याकडे या नावाचा माणूस सहज सापडत नाही, तेव्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा) किंवा फिजिओथेरपिस्टला हेच उद्दिष्ट स्पष्ट सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणूक आणि खेळ यांच्यासाठी स्वतंत्र कलमं आहेत, २९ आणि ३०. फक्त वडिलांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका.