नोकरीसाठी पैसे कोणी भरले, ते आधी विचार

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोळंबी सोलण्याच्या कारखान्यात सगळे कामगार एकाच सुरात बोलत होते, पगार वेळेवर, जेवण चांगलं, तक्रार काही नाही, आणि तुला ते खटकलं. ऑडिटच्या अहवालात मात्र एकही शेरा नाही. आता तिथून माल घेणाऱ्या तुझ्या कंपनीच्या वेठबिगारीविषयीच्या वार्षिक निवेदनासाठी तुझ्याकडून ‘जोखीम कमी’ असं लिहून हवंय. लिहून द्यावं की नोकरी सोडावी, असं विचारतेस.

दोन्ही नको. चार पानांत तू खोल्या मोजल्यास, संडास मोजलेस, हजेरीपट तपासलास. ही नोकरी मिळवायला त्या माणसांनी किती पैसे भरले आणि कोणाला, हे कुठेच नाही. ते वाचताना मला तुझा राग आला. राग थोडा माझाही होता, कारण बारा वर्षं मीही ते धड विचारलं नव्हतं.

१९३० च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओच्या) करारात वेठबिगारीची व्याख्या आहे: शिक्षेच्या धाकाने करून घेतलेलं, माणसाने आपखुशीने न पत्करलेलं काम. शिक्षा म्हटलं की डोळ्यांसमोर कोंडलेली माणसं येतात. तसंही घडलेलं आहे. २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या बातमीदारांनी इंडोनेशियातल्या बेंजिना इथे पिंजऱ्यात ठेवलेले मच्छीमार जगासमोर आणले, त्यानंतर २,००० हून अधिक माणसं सुटली. पण तुझ्या पुरवठादाराकडे बहुतेक पिंजरा सापडणार नाही, कर्ज सापडेल. परदेशातल्या कामासाठी माणूस दलालाला पैसे देतो, ते व्याजाने काढलेले असतात. मग फाटक सताड उघडं असलं तरी तो पाऊल बाहेर टाकत नाही. वेठबिगारी ओळखायच्या आयएलओच्या अकरा खुणा तुला पाठ आहेत, हे पत्रावरून कळलं. माझ्या पाहण्यात पासपोर्ट काढून घेणं, पगार अडवणं, बेसुमार ओव्हरटाइम, हे सगळं त्या एका कर्जाच्या मागोमाग येतं. म्हणून कर्ज आधी विचार.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. अशाच एका कारखान्यात व्यवस्थापक फोन घ्यायला बाहेर गेला होता. समोर एक पोरगा, बर्फाच्या पाण्यात राहून बोटांची टोकं पांढरी पडलेली, सुरकुतलेली. मी सहज विचारलं, इथे यायला किती दिले? त्याने दुभाष्याकडे पाहिलं आणि हाताची पाचही बोटं वर केली. दुभाषी म्हणाला, ‘घरी पाच माणसं आहेत म्हणतोय.’ दुभाषी कारखान्याचाच होता. मी वहीत लिहिलं: कुटुंबात पाच.

संध्याकाळी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडं दिसलं. रबर लावलेले पासपोर्टचे गठ्ठे, प्रत्येक पासपोर्टात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडा, तो खोडून खाली थोडा कमी आकडा, तोही खोडलेला. तेव्हा मला ती पाच बोटं कळली.

मी संतापलो. आठवड्यात करार रद्द करायला लावला. वरिष्ठांनी शाबासकी दिली. त्या पोराच्या चिठ्ठीवर उरलेल्या आकड्याचं काय झालं, हे मी विचारलं नाही. काम गेलं, कर्ज राहिलं. तेव्हा सगळे असंच करायचे, उद्योग आणि मानवी हक्कांविषयीची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा २०११ ची, त्याच्या नंतरची. आपण माल घेत राहिलो असतो तर त्या पापात भागीदार झालो असतो, हे मला आजही पटतं. पण निघण्याआधी पैसे परत करायला लावता आले असते. आमची ऑर्डर मोठी होती, त्यांनी ऐकलं असतं. माझ्या हातात तेवढं होतं आणि मी ते वापरलं नाही.

म्हणून सांगतो, पुरवठादार तोडण्याची घाई करू नकोस. भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारायचा नाही, हे आयएलओच्या २०१६ च्या तत्त्वांत स्पष्ट आहे. जो घेतला गेलाय तो परत द्यायला लाव. आणि मग आपल्या खरेदी विभागाकडे जा, कारण खरी अडचण तिथे आहे. तिकीट, व्हिसा, वैद्यकीय तपासणी यांचा खर्च तुमच्या रेटमध्ये बसत नसेल, तर तो कोणाच्या तरी खिशातून निघतोच. अमेरिकेतल्या इमोकली गावच्या शेतमजुरांनी २०११ पासून फ्लोरिडाच्या टोमॅटो शेतीत हेच करून दाखवलं. मोठे खरेदीदार पौंडामागे साधारण एक सेंट जादा मोजतात आणि नियम मोडणाऱ्या शेतमालकाकडून माल घ्यायचा नाही, असं करारानेच बांधलेले असतात. तक्रारीची फोनलाइन दिवसरात्र चालू असते. हे मजुरांनी स्वतः मिळवलं, एखाद्या कंपनीच्या निवेदनातून आलेलं नाही.

निवेदनाचं मला कौतुक सांगू नकोस. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यात ‘आम्ही काहीच पावलं उचलली नाहीत’ असं छापलं तरी अट पूर्ण होते. युरोपीय संघात डिसेंबर २०२७ पासून वेठबिगारीतून आलेला माल विकायलाच बंदी येतेय. साहेबांना त्याचा धाक घालून बघ, उपयोग होईल. पण धाकाने ते कागद वाढवतील. तू पैशांचा प्रश्न सोडू नकोस.

आता पुढच्या फेरीला स्वतःचा दुभाषी ने. कारखान्यात बोलू नकोस. सुट्टीच्या दिवशी, बाहेर, एकेकट्याला भेट. नावं लिहू नकोस, कोण बोललं हे कळलं तर त्याची खैर नाही. एवढंच विचार: किती दिले, कोणाला दिले, कर्ज कोणाचं, किती फिटलं. पावती मागू नकोस, ती नसतेच. दहा जणांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले की ते खरे समज. निवेदनात ‘जोखीम कमी’ खोडून ‘भरतीच्या खर्चाची चौकशी चालू आहे’ असं लिही. साहेब चिडले तर चिडू देत. आकडे हातात आले की त्याच रात्री मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.