विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसण्याआधी

प्रिय मित्रा,

विभागप्रमुख झाल्याचं कळवलंस आणि पुढच्याच ओळीत विचारलंस, ‘माझे अधिकार नेमके किती?’ कागदावरचं उत्तर तुला दोन संध्याकाळी घालवून सापडेल. आधी अधिनियम, म्हणजे विद्यापीठाचा मूळ कायदा; मग त्याखाली विद्यापीठाने केलेले नियम, म्हणजे परिनियम आणि अध्यादेश, या क्रमाने वाच. ऐकीव माहितीवर जाऊ नकोस, मूळ मजकूर वाच. ‘करील’ आणि ‘शकेल’ या शब्दांखाली रेघ मार. ‘करील’ असेल तिथे तुला पर्याय नाही. ‘शकेल’ असेल तिथून तुझी मोकळीक सुरू होते. बरेच प्रमुख ती न वापरताच निवृत्त होतात, आणि दोष मात्र कायद्याला देतात.

कायद्याने फरक पडतोच. डेन्मार्कमध्ये पूर्वी विद्यापीठातली माणसंच रेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूसारखा विद्यापीठाचा प्रमुख, निवडत. २००३ च्या कायद्यानंतर बाहेरच्या सदस्यांचं बहुमत असलेलं मंडळ रेक्टर नेमू लागलं. रेक्टर कुणाला बांधील, हेच बदललं. उलट ऑक्सफर्डमध्ये २००६ साली कुलगुरूंनी कारभारी मंडळात बाहेरच्यांचं बहुमत आणायचा घाट घातला, तर प्राध्यापकांच्या सभेने तो हाणून पाडला. मताचा हक्क नियमांनी दिलेला होता. तो वापरायची सवय मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची.

माझंच सांगतो. पहिल्या वर्षी मी अंतर्गत मूल्यमापनाची नवी पद्धत बैठकीत आणली. विषय रीतसर पत्रिकेवर, सूचक-अनुमोदक ठरलेले. दहा मिनिटांत एकमताने मंजूर. ठराव वाचत असताना सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापकांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. त्यांच्याकडे कुठलंच पद नव्हतं. सत्र संपलं तेव्हा नव्या पद्धतीने भरलेला एकच गुणतक्ता आला होता, माझा स्वतःचा. बाकीच्यांना ‘वेळ मिळाला नाही’.

पुढे कळलं की तिथे तोंडावर विरोध करायची रीतच नव्हती. फार पूर्वीच्या एका प्रमुखाने विरोध करणाऱ्याची रजा अडवली होती. तो गेला, नियमही बदलले; गप्प बसायची सवय राहिली. दुसऱ्या खेपेला मी मसुदा घेऊन बैठकीआधीच त्या सरांच्या खोलीत गेलो. त्यांनी अर्धा खोडला. खोडलेलं बरंचसं बरोबर होतं, हे कबूल करणं मला जड गेलं.

पण रीतीभातींना फार डोक्यावरही घेऊ नकोस. ‘आपल्याकडे असंच चालतं’ यात कधी अनुभव असतो, तर कधी बेकायदा गोष्टीवर घातलेलं पांघरूण. भरती, परीक्षा आणि तक्रारी यांत कोणी कितीही रागावलं तरी नियमाचं बोट सोडायचं नाही.

पहिल्या बैठकीआधी मागच्या पाच वर्षांची इतिवृत्तं काढून घे. मंजूर ठरावांची एक यादी कर आणि त्यातले खरोखर अमलात आलेले किती, त्यांची दुसरी. दुसरी यादी घेऊन ये, मग बोलू.

तुझा,
सर