लहानपणी लेझरबद्दल तुमचा कोणता गैरसमज होता? सात वर्षांच्या मुलाला लेझर कसा समजावून सांगावा?

मुलगा म्हणतो लेझरने भिंत कापता येते, आणि तुम्ही त्याला सांगितलंत की ‘लेझर म्हणजे अजिबात न पसरणारा प्रकाश, बस्स’. मुलाचं नंतर बघू. मी लिहायला बसलोय ते तुमच्या त्या वाक्यामुळे. पंचवीसेक वर्षांपूर्वी नेमकं हेच वाक्य मला चार शाळांच्या पोरांसमोर ऐकवलं गेलं होतं.

मी ठाण्याचा. 1999 ला सहावीत होतो. आम्ही वागळे इस्टेटला रोड नंबर 16 च्या बाजूला राहायचो, वडील तिथेच एका वर्कशॉपमध्ये टर्नर. ‘लेझर’ हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मला तो लेझीमचा कोणीतरी चुलतभाऊ वाटला होता. हा गैरसमज फार टिकला नाही, कारण त्याच वर्षी ठाणे स्टेशनबाहेर, सॅटिसचा पूल व्हायच्या कितीतरी आधी, फुटपाथवर किचेनचे, म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचे लेझर विकायला आले. बंदुकीच्या गोळीसारखी सोनेरी नळी, आत तीन बटन सेल, पुढे लावायला, भिंतीवर वेगवेगळी चित्रं पाडणाऱ्या पाच टोप्या. त्याने दीडशे सांगितले, आईने साठवर आणला.

घरी आल्यावर पहिली निराशा म्हणजे किरण दिसेना. टीव्हीवर लेझर म्हणजे हवेत ताणलेली लाल दोरी. माझ्याकडे भिंतीवर ठिपका, मधे काही नाही. आपल्याला डुप्लिकेट माल टिकवला, असं मी धरून चाललो. मग गणपतीत आरतीच्या वेळी आजीने धुपाटण्यात ऊद टाकला, खोली धुराने भरली, आणि मी खिशातला लेझर गुपचूप चालू केला तर मखरापासून दारापर्यंत लाल रेघ! आरती चालू असताना मी ओरडलो. आजीने टाळ न थांबवता डोळे वटारले. त्यातून मी काढलेला निष्कर्ष असा की लेझर धूर खातो, स्कूटर पेट्रोल पिते तसा. पुढचे दोन दिवस मी उदबत्तीवर लेझर धरून त्याला ‘भरत’ होतो. आजी म्हणाली, देवाची उदबत्ती देवाला राहू दे. (धुराचे कण थोडा प्रकाश बाजूला, आपल्या डोळ्याकडे उडवतात म्हणून रेघ दिसते, एवढंच आहे ते. स्वच्छ हवेत सगळा प्रकाश सरळ पुढे जातो, डोळ्यात येतच नाही. मिरवणुकीतले लेझरवाले धुराचं मशीन हौसेपोटी लावत नाहीत.)

फुलपाखराची टोपी मी ब्लेडने फोडली. आत बारीक रंगवलेलं फुलपाखरू असणार याची खात्री होती, जत्रेतल्या बायोस्कोपमध्ये चित्रं असतात तसं. आत नुसता दुधट प्लॅस्टिकचा तुकडा निघाला. त्या तुकड्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक खाचा असतात आणि त्या प्रकाशाला हवं तिकडे वळवतात, हे कळायला पुढे पंधरा वर्षं गेली. म्हणून तर ते फुलपाखरू जवळच्या भिंतीवर लहान, लांबच्या भिंतीवर मोठं, पण दोन्हीकडे तितकंच रेखीव दिसायचं. प्रोजेक्टरसारखं फोकस करावं लागायचं नाही.

तुमच्या मुलासारखं कापून बघायचा प्रयत्नही केला. दहा मिनिटं एका मुंगळ्यावर लेझर धरला. मुंगळा आपला चालत राहिला, मलाच ठिपका घेऊन त्याच्यामागे फिरावं लागलं. मग बोटाच्या पेराला लावला तर नख आतून लालभडक पेटल्यासारखं झालं. हाड दिसतंय म्हणत आईकडे पळालो.

हे सगळे गैरसमज माझे. मान्य. पण एक गोष्ट मी बरोबर पाहिली होती.

रात्री गच्चीवरून समोरच्या गोडाऊनच्या भिंतीवर लेझर मारला की ठिपका साबुदाण्याएवढा राहायचा नाही. भाकरीएवढा व्हायचा, तोही गोल नाही, लांबट. थंडीत अंधार लवकर पडतो, तेव्हा एक दिवस मी लेझर विटांमध्ये घट्ट बसवला, धाकट्या बहिणीला वर्तमानपत्राचा कागद आणि स्केचपेन देऊन रस्त्यापलीकडे पाठवलं. तिने भिंतीवर कागद धरून त्या लाल डागाची कड गिरवली. आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं तर लांबी 17 सेंटिमीटर, रुंदी 9. मधलं अंतर मी पावलांनी मोजलं. नळीच्या तोंडाशी हाच ठिपका 3 मिलिमीटरचा होता.

दुसऱ्या दिवशी परत खात्री करायला गेलो आणि नेमका गोडाऊनचा वॉचमन मधे आला. साताऱ्याकडचा, निवृत्त फौजी. कारगिल संपून पाच-सहा महिने झाले असतील. छातीवर लाल उजेड बघून तो माणूस जो खाली वाकला तो हौदाच्या आडच गेला. मग आमचं घर शोधत आला. वडिलांसमोर दोन्ही हातांनी ताटाएवढा गोल करून म्हणाला, ‘‘अहो, छातीवर एवढा लाल डाग आला की हो!’’ वडिलांनी लेझर काढून घेतला आणि टॅप-ड्रिलच्या डब्यात टाकला. मला मार बसत असताना डोक्यात एकच विचार होता, की हा माणूस माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. कुणी न विचारता त्याने माप सांगितलं होतं.

तर विज्ञान प्रदर्शन. मी तक्ता केला: ‘लेझरचा किरणसुद्धा पसरतो’. वडिलांच्या हातापाया पडून तेवढ्यापुरता लेझर मिळवला, शेजारी बहिणीने गिरवलेला कागद लावला. परीक्षक म्हणून दुसऱ्या शाळेतले एक सर आले होते. त्यांनी तक्ता वाचला, हसले, माझ्याच हातातला लेझर घेऊन हातभर अंतरावरून तक्त्यावर मारला आणि म्हणाले, ‘‘बघ, आहे का मोठा? लेझर पसरत नाही. व्याख्याच आहे ती.’’ मी कागद दाखवला. ‘‘मग तुझा लेझर डुप्लिकेट असेल, स्टेशनवरचा.’’ पोरं हसली. पहिला नंबर पावसाचं पाणी साठवण्याच्या थर्माकोलच्या मॉडेलला गेला. त्या मॉडेलमध्ये पाणी ओतलं तेव्हा ते गळत होतं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आता मी बारा वर्षं नवी मुंबईत, रबाळे एमआयडीसीत लेझर कटिंगच्या मशीनवर आहे. 3 किलोवॅटचा फायबर लेझर, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून येणारा. माझ्या किचेनवाल्याची ताकद 5 मिलिवॅट धरली तर हा त्याच्या 6 लाख पट. आणि रोजच्या कामात सगळ्यात जास्त डोकं कशात जातं? पसरण्यात! फायबरच्या टोकातून प्रकाश बाहेर येतो तोच पंख्यासारखा फाकत. एक भिंग त्याला सरळ करतं, दुसरं केसापेक्षा जरा जाड अशा ठिपक्यावर गोळा करतं, आणि त्या बिंदूच्या पुढे तो लगेच परत फाकायला लागतो. म्हणून नोझल शीटपासून मिलिमीटरभरच वर असतं. जाड प्लेटला फोकस मिलिमीटर-दोन मिलिमीटर हलला की कट खालपर्यंत जात नाही, किंवा खालच्या कडेला ही एवढी बर, म्हणजे थिजलेल्या धातूची खरबरीत कड, चिकटून बसते आणि मग ग्राइंडरवाल्या पोरांच्या शिव्या खायच्या. लेझर पसरला नसता तर मी रबाळेत बसून घणसोलीतल्या शीटा कापल्या असत्या.

‘कापणं’ हा शब्दही तसा फसवाच. प्रकाश धातूला वितळवतो, पण वितळलेला रस तिथून घालवतो तो गॅसचा झोत. साध्या लोखंडाला ऑक्सिजन देतो, तिथे लोखंड स्वतःच जळून उष्णता देतं. स्टेनलेसला नायट्रोजन, म्हणजे कड काळी पडत नाही. गॅस संपला की 3 किलोवॅट असूनही नुसता रबडा होतो. आणि मशीनच्या खिडकीतून जे दिसतं ते लेझर नाही, ठिणग्या. फायबरच्या प्रकाशाची तरंगलांबी एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास, तो डोळ्याला दिसतच नाही. तोच प्रकाश पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून बराचसा आरपार जातो. दुकानांच्या अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या कापायला सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) लेझर लागतो, 10.6 मायक्रॉनचा, त्याला तेच अ‍ॅक्रिलिक भिंतीसारखं बंद. तेव्हा ‘लेझरने काय कापतं’ याचं उत्तर कुठला लेझर आणि कुठली वस्तू यावर आहे.

लहानपणी वाटायचं की आरसा धरला तर लेझर उलटा येऊन मारणाऱ्यालाच लागतो. याला मी कधी हसत नाही. तांब्या-पितळेची शीट लावली की प्रकाश खरंच उलटा फिरून मशीनच्या सोर्समध्ये, म्हणजे जिथे लेझर तयार होतो तिथे, शिरू शकतो. हल्लीच्या मशीनमध्ये त्याला संरक्षण असतं, तरी पितळेचा जॉब आला की मी आधी सेटिंग दोनदा बघतो.

परत सरांकडे येतो. पसरणं हा स्वस्त मालाचा दोष नाही, ते प्रकाशाच्या स्वभावातच आहे. तोंड जितकं बारीक, तितका पुढे पसारा जास्त. लेझर टॉर्चच्या मानाने फारच कमी पसरतो, हे खरं. ‘कमी’ आणि ‘नाही’ यात फरक असतो, आणि तो फरक शिकवायलाच तर शाळा असते ना? 1969 ला अपोलो 11 ने चंद्रावर खास परावर्तक ठेवले. पृथ्वीवरून त्यांच्यावर लेझर मारून अंतर मोजतात, प्रकाश जाऊन यायला अडीच सेकंद लागतात. यासाठी किरण आधी मोठ्या दुर्बिणीतून रुंद करून सोडतात, म्हणजे पुढे कमी पसरावा, आणि तरी चंद्रावर पोचेपर्यंत तो कित्येक किलोमीटरचा होतो. माझा किचेनवाला सोडला असता तर तिथे सातशे किलोमीटरच्या वर गेला असता. आख्खा समृद्धी महामार्ग आडवा मावेल. विमानांवर लेझर मारायला बंदी का असते? ठिपका ठिपकाच राहिला असता तर पायलटला तो क्वचितच सापडला असता. माझ्या लेझरच्या हिशोबाने 2 किलोमीटरवर तो पावणेचार मीटर रुंद असतो, कॉकपिटची सगळी काच उजळते.

तुमच्या मुलाचा प्रश्न राहिलाच. भिंत कापण्याच्या कल्पनेबद्दल त्याला वेड्यात काढू नका. थिओडोर मेमनने 16 मे 1960 ला माणकाच्या कांडीतून पहिला लेझर चालवला, तेव्हा मोठ्या माणसांच्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘मृत्युकिरण’ करून टाकलं होतं. तुमचा मुलगा निदान भिंतीवर थांबलाय. त्याला सांगा की प्रश्न ताकद किती छोट्या जागेत गोळा केली याचा आहे. उन्हात भिंगाने कागद जाळून दाखवा, तुम्ही शेजारी बसून. बाकीचं तो विचारेल तेव्हा. व्याख्या मात्र देऊ नका, आणि तो काही मोजून घेऊन आला तर मोजलेलं आधी बघा, मग बोला. हे मी फक्त तुम्हाला सांगत नाहीये, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

हो, आणि हे वर लिहायला हवं होतं: सात वर्षांच्या मुलाच्या हातात पॉइंटर देऊ नका. मुंगळ्याला काही न करणारे 5 मिलिवॅट डोळ्याला पुरतात, कारण डोळ्यातलं भिंग माझ्या मशीनच्या भिंगाचंच काम करतं, सगळं पडद्यावर एका बिंदूत आणून ठेवतं. 2023 च्या विसर्जन मिरवणुकांनंतर डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे आल्याच होत्या. स्वस्तातले हिरवे पॉइंटर तर अजून वाईट. त्यांचा हिरवा रंग मुळात न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशापासून बनवतात, आणि गाळणी नीट नसेल तर तो न दिसणाराही बाहेर पडतो. मी बहिणीला त्या भिंतीपाशी उभं केलं तो मूर्खपणा होता. वॉचमनकाकांच्या बाबतीत वडिलांनी मारलं ते बरोबरच होतं.

दोन वर्षांपूर्वी जुनं घर रिकामं करताना माळ्यावर तो वर्तमानपत्राचा कागद सापडला. स्केचपेनची कड फिकी झाली होती, पण दिसत होती. गोडाऊनच्या जागी आता टॉवर झालाय, रस्ता मात्र तोच. मोबाइलवर नकाशा उघडून गच्चीपासून त्या भिंतीच्या जागेपर्यंतचं अंतर काढलं, ते 90 मीटर भरलं. 17 सेंटिमीटरला 90 ने भागलं तर मीटरमागे दोन मिलिमीटरला जरासं कमी येतं. असल्या पॉइंटरचं नेहमीचं पसरणं मीटरमागे एक ते दोन मिलिमीटर. म्हणजे स्टेशनवरून साठ रुपयांना घेतलेला माझा लेझर अगदी चारचौघांसारखा होता. डुप्लिकेट नव्हता, सर.